मदत हवी आहे: बँडेराच्या रँचवर वीकेंड, ऑफिसची मंडळी आणि घोड्यांसाठी वजनाची अट

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑस्टिनला राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार बँडेराजवळच्या एका रँचवर जायचं ठरलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बँडेरा हे सॅन अँटोनियोच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटरवरचं छोटं गाव. पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घोड्यावर फिरवणाऱ्या 'ड्यूड रँच' तिथे १९२०च्या दशकापासून आहेत, आणि गाव स्वतःला अभिमानाने 'काउबॉय कॅपिटल ऑफ द वर्ल्ड' म्हणवतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्या भागात सीडरच्या झाडांचे परागकण उडतात आणि आमच्यातल्या तिघांना त्याचा भयंकर त्रास होतो, म्हणून आधीच उरकायचं आहे.

ग्रुप संमिश्र आहे. माझी टीम, पुण्याच्या ऑफिसातून कामासाठी आलेले दोघे आणि माझ्या दोन मैत्रिणी सहकुटुंब. बुकिंग, फॉर्म, जेवण, सगळं माझ्याकडे आहे. बाकीचं मी निभावून नेईन, पण एका गोष्टीवर अडले आहे.

रँचच्या फॉर्ममध्ये प्रत्येकाची उंची आणि वजन लिहायचं आहे. स्वारीसाठी कमाल मर्यादा २४० पौंड, म्हणजे जवळपास १०९ किलो. पोहोचल्यावर तबेल्यापाशी वजनकाट्यावर उभं करण्याचा हक्क राखून ठेवतो, असंही लिहिलंय. आमच्या टीममधला एक जण नक्कीच या मर्यादेच्या वर आहे. आणि सगळ्यात जास्त उत्साह त्यालाच! लहानपणी माथेरानला घोड्यावर बसला होता, तेव्हापासून पुन्हा बसायची इच्छा आहे, हे त्याने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं. अतिशय भला माणूस आहे. नव्याने रुजू झालेल्यांना घर शोधून देण्यापासून गाडी शिकवण्यापर्यंत सगळं करतो. त्याला काट्यावर उभं करून, सहकाऱ्यांच्या देखत "तुम्ही नाही" असं कुणी म्हणावं, ही कल्पनाही मला सहन होत नाही. दुसरीकडे, फॉर्मवर वजनाचा आकडा कमी लिहून घोड्याच्या पाठीवर तो भार टाकणं मला अजिबात पटत नाही. जनावर बोलत नाही, म्हणून त्याला सोसायला लावायचं का?

तर जाणकारांनी सांगावं: ही मर्यादा खरंच घोड्यासाठी असते की विम्यासाठी? त्याच्याशी हे कसं बोलावं? आणि त्याला स्वारी करता यावी असा काही मार्ग असतो का?

जाता जाता दोन छोटे प्रश्न. आमच्यात सहा जण शाकाहारी आहेत आणि शनिवारी रात्री शेकोटीभोवतीच्या जेवणात ब्रिस्केट (गोमांस), बीन्स, कॉर्नब्रेड (मक्याचा पाव) असा बेत आहे. शाकाहारी मंडळींनी बीन्सवर भागवावं का? आणि पुण्याहून आलेल्यांच्या प्रवासविम्याचं काय?

*

प्रतिसाद (ह्यूस्टन):

मी इथल्या एका तबेल्यात शनिवार-रविवारी घोड्यांची देखभाल करायला जाते, त्या अनुभवावरून लिहिते.

मर्यादा घोड्यासाठीच असते. रँचवर बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे असतात, वजन साधारण १००० ते १२०० पौंड. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत भार वाहावा, असा ढोबळ नियम आहे. २००८ साली ओहायोत झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहिला होता. २५ आणि ३० टक्क्यांना पाठीचे स्नायू दुखू लागल्याचं स्पष्ट दिसलं. यात खोगीरही धरायचं, आणि वेस्टर्न खोगीर सहज ३० ते ४० पौंडांचं भरतं. तुम्हीच हिशेब करा. तेव्हा आकडा कमी लिहायचा नाही, हे तुमचं अगदी बरोबर आहे.

आता मार्ग. फॉर्म तुम्ही गोळा करूच नका. प्रत्येकाला लिंक पाठवा आणि ज्याने त्याने थेट रँचला भरून द्यावा. कुणाचं वजन किती हे सहकाऱ्यांना कळायचं कारणच नाही. दुसरं, रँचला फोन करून ड्राफ्ट जातीचा किंवा ड्राफ्ट क्रॉस (संकरित) घोडा आहे का विचारा. पर्शेरॉन, बेल्जियन हे मूळचे ओढकामाचे घोडे, १८०० पौंडांच्या आसपासचे. एखादा असला तर जड स्वारासाठी राखून ठेवतात, पण आधी सांगावं लागतं. चढताना पायाखाली ओटा वापरायला सांगा. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढलं की सगळा भार एका बाजूला येतो, खोगीर ओढलं जातं आणि घोड्याच्या खांद्यामागच्या उंचवट्यावर ताण येतो. हे हलक्या माणसांनीही पाळावं.

तसा घोडा नसला तर सकाळच्या खरारा-दाणापाण्यात मदत करता येईल का, तेही विचारून ठेवा. घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभं राहिलं की त्याचा श्वास हाताला जाणवतो, कान तुमच्याकडे वळतात. अर्धा तास असा घालवलेला माणूस सहसा नाराज होऊन परतत नाही. मात्र अगदी मागे कुणी उभं राहू नका, तिथलं घोड्याला दिसत नाही.

मित्राशी एकट्याने बोला, आणि लवकर. "तुझ्यासाठी मोठा घोडा आधी सांगून ठेवावा लागेल, तू रँचशी बोलशील का?" एवढंच. गोल गोल फिरवून सांगितलेलं जास्त लागतं.

बीन्समध्ये डुकराची चरबी किंवा बेकन असण्याची दाट शक्यता आहे, कॉर्नब्रेडमध्येही असू शकते. विचारल्याशिवाय खाऊ नका. ठेपले आणि चटणी बरोबर असू द्या. विम्याची पॉलिसी उघडून 'घोडेस्वारी' वगळलेल्या खेळांत आहे का बघा, काही पॉलिसींत असते. टेक्सासच्या कायद्यात प्राण्यांबरोबरच्या कामांतल्या धोक्यांबद्दल ८७ वं प्रकरण आहे. त्याची पाटी रँचवर दिसेल, सही करायच्या कागदावरही असेल. घोड्याच्या स्वभावातच असलेल्या जोखमीसाठी रँचला सहसा जबाबदार धरता येत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून हेल्मेट मागून घ्या. मोठ्या माणसांना ते बऱ्याच ठिकाणी सक्तीचं नसतं, पण मागितलं तर देतात.

*

धागाकर्ती:

मनापासून आभार! काल त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "मला माहीत होतं गं, म्हणूनच मी फॉर्म भरला नव्हता." मग त्याने स्वतःच रँचला फोन केला. त्यांच्याकडे एक पर्शेरॉन क्रॉस घोडी आहे. तिच्यासाठी मर्यादा २८० पौंड आहे आणि तो त्यात बसतो. शनिवारी सकाळची थंड वेळ त्याच्यासाठी लिहून ठेवली आहे, फेरी तासाभराचीच आणि चालीचीच, दुडकी नाही. फॉर्मच्या लिंक सगळ्यांना गेल्या. स्वयंपाकघराने शाकाहाऱ्यांसाठी बीन्स वेगळे शिजवायचं कबूल केलंय.

आता एकच उरलं. पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून टाच असलेले बूट आणा, असं रँचने कळवलंय. ऑस्टिनमध्ये जुने पण चांगले बूट कुठे मिळतील? त्याच्या मापाचे, १४ नंबरचे, कुणाकडे असतील तर कृपया इथेच कळवा.