नेपाळहून ॲल्युमिनियम कॅन, जुन्या बॅटऱ्या आणि पेट बाटल्या : एकाच गाडीत आणता येतील का?

कुपवाड_डायकास्टिंग
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं डायकास्टिंगचं छोटं युनिट आहे. एडीसी१२ (डायकास्टिंगसाठीचा ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) आम्ही भंगारातून स्वतःच बनवतो, महिन्याला २० टनांच्या आसपास. वीरगंजच्या एका व्यापाऱ्याची ऑफर आली आहे : पेयांच्या रिकाम्या कॅनचे दाबलेले गठ्ठे ८ टन, ट्रक आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या ४ टन, पेट बाटल्यांचे गठ्ठे ३ टन. सगळं बिहारमधल्या रक्सौल सीमेमार्गे एकाच ट्रकने. कॅनचा पोहोच भाव इथल्यापेक्षा किलोला २०-२२ रुपयांनी कमी पडतो. निम्मे पैसे आगाऊ मागतो आहे. बॅटऱ्या आणि पेट मिरजेत विकून टाकू असा विचार आहे. कागदपत्रं काय लागतील? आणि कॅन एडीसी१२ मध्ये चालतील का? भारत-नेपाळ व्यापार रुपयांत होतो, त्यामुळे चलनाचा प्रश्न नाही.

आयात_कागदपत्रं
भाऊ, आगाऊ रक्कम अजिबात देऊ नका. गाडी एक असली तरी तुमचे तिन्ही माल कायद्याच्या तीन वेगळ्या कप्प्यांत बसतात. आणि त्यातला एक अडकला की बाकीचे दोनही सीमेवर उभे राहतात.

पेट बाटल्या विसरा. सीमाशुल्क यादीतल्या शीर्षक ३९१५ खालचा प्लास्टिक कचरा भारतात आणायला बंदी आहे. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांत २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा सेझ आणि निर्यातप्रधान युनिटांची सवलतही गेली. बाटल्या कितीही स्वच्छ असल्या तरी फरक पडत नाही. बाझल करारात (घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) १ जानेवारी २०२१ पासून स्वच्छ, एकजिनसी प्लास्टिकला बी३०११ आणि मिश्र-मळक्याला वाय४८ असे वेगळे वर्ग झाले. ते वाचून लोकांना वाटतं की स्वच्छ माल सुटतो. करारात सुटत असेल, पण आपला नियम त्याहून कडक आहे.

बॅटऱ्या : शिसे-आम्लाच्या जुन्या बॅटऱ्या बाझलच्या यादीत ए११६० म्हणजे घातक. त्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची परवानगी आणि दोन्ही देशांची लेखी पूर्वसंमती लागते. शिवाय परवानगी फक्त प्रत्यक्ष वापरणाऱ्याला, म्हणजे शिसं वितळवण्याची अधिकृत सोय असलेल्या कारखान्याला मिळते. 'आणून मिरजेत विकू' हा मार्गच नाही. ज्याच्याकडे अधिकृत सोय नाही अशा भट्टीला त्या गेल्या तर आम्ल ओढ्यात आणि शिशाची धूळ कामगारांच्या घरात जाते. त्यात पडू नका, ही कळकळीची विनंती.

ॲल्युमिनियम : हे जमू शकतं. धातूचं न उडणारं, न भुकटी झालेलं भंगार बी१०१० मध्ये, म्हणजे नियमांच्या परिशिष्ट ३ च्या भाग ड मध्ये येतं. मंत्रालयाची परवानगी नको, पण कागद पूर्ण हवेत : भरलेला फॉर्म ६ (मालाच्या वाहतुकीचा कागद), लदाईपूर्व तपासणी प्रमाणपत्र म्हणजे पीएसआयसी, मालाचा रासायनिक विश्लेषण अहवाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तुमचं हवा-पाणी संमतीपत्र आणि प्राधिकारपत्र, आणि आधी आयात केली असेल तर मागच्या वर्षीच्या विवरणपत्राची पोच. पुढे फॉर्म ३ मध्ये नोंदी ठेवायच्या आणि ३० जूनपर्यंत फॉर्म ४ भरायचा.

पलूस_फाउंड्री
कागदाचं वर आलंच आहे, मी धातूचं सांगतो. कॅन एडीसी१२ साठी मुळातच चुकीचा कच्चा माल आहे.

कॅनचं अंग ३००४ मिश्रधातूचं असतं, त्यात मँगेनीज १ ते १.५ टक्के आणि मॅग्नेशियम १ टक्क्याच्या आसपास. झाकण ५१८२ चं, त्यात मॅग्नेशियम ४ ते ५ टक्के. दोन्ही मिळून वितळवल्यावर, काही मॅग्नेशियम जळून गेल्यानंतरही, १ ते १.५ टक्के उरतं. एडीसी१२ मध्ये मर्यादा आहे ०.३. म्हणजे चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या एका घाण्यात) १० टक्के कॅन टाकले तरी एकट्या कॅनमुळे मॅग्नेशियम ०.१ ते ०.१५ ने चढतं. फ्लक्सने (वितळलेल्या धातूत टाकायच्या क्षाराने) ते काढता येतं, पण फ्लक्सचा खर्च आणि ड्रॉसमध्ये, म्हणजे वर येणाऱ्या मळात, जाणारा धातू दोन्ही धरा.

दुसरी भानगड मँगेनीजची. भट्टीच्या तळाशी किती गाळ बसेल याचा आकडा लोखंड + २ पट मँगेनीज + ३ पट क्रोमियम असा मोजतात. १० टक्के कॅनमुळे मँगेनीज ०.१ वाढलं तर हा आकडा ०.२ ने वाढतो. तुमच्या चार्जमध्ये लोखंड आधीच ०.९-१.० असेल तर होल्डिंग भट्टी (वितळलेला धातू गरम ठेवणारी) ६५० अंशांच्या खाली गेली की तळाशी कडक कण बसायला लागतात. तेच कण कास्टिंगमध्ये गेले की मशीनिंगला ड्रिल आणि टॅप तुटतात, आणि दोष ग्राहकाकडे उघडा पडतो.

आता घट. पत्रा पातळ, वरून लॅकर आणि शाई. गठ्ठा उघड्या ज्योतीच्या भट्टीत टाकलात तर बराचसा धातू ऑक्साइड होतो. समजा पोहोच भाव १५० रुपये. १०० किलोत ३ किलो पाणी-माती. उरलेल्या ९७ किलोवर १४ टक्के घट धरली तर हातात ८३ किलोच्या आसपास, म्हणजे खरा भाव किलोला १८० रुपये. २०-२२ रुपयांची बचत तिथेच संपली, आणि गॅस, फ्लक्स, मजुरी अजून बाहेरच आहे.

कुपवाड_डायकास्टिंग
पलूसकर, हा हिशोब डोळे उघडणारा आहे. पेट-बॅटऱ्या रद्द. मग त्याच्याकडून कॅनऐवजी काय मागावं? आणि पीएसआयसीमध्ये माल नेमका कुठे अडतो?

पलूस_फाउंड्री
'टेन्स' मागा. म्हणजे मिश्र ॲल्युमिनियम कास्टिंग : दुचाकींचे क्रँककेस, सिलिंडर हेड, गिअरबॉक्सची आवरणं. यात सिलिकॉन-तांबं आधीच असतं, त्यामुळे एडीसी१२ कडे जायला कमी मिसळावं लागतं. सिलिकॉन ९.६ ते १२ आणि तांबं १.५ ते ३.५ टक्के गाठायचं असतं, कॅनमध्ये या दोन्हींचा जवळपास अभाव. टेन्सच्या व्याख्येत तेल-ग्रीस २ टक्क्यांच्या वर नको आणि लोखंडाचे तुकडे नकोत असं आहे. करारात हे शब्द जसेच्या तसे घाला. बोल्ट, स्टड, बेअरिंगच्या रिंगा अडकलेल्या असतात. करारात 'लोखंड १ टक्क्यावर गेलं तर वजनातून वजा' असं स्पष्ट लिहा, नंतर फोनवर वाद घालून काही मिळत नाही.

नमुना घेताना वरचा एक चकचकीत तुकडा स्पेक्ट्रोला (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राला) नेऊ नका. आपल्या विटा-आटपाडीचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) करतात तसं करा : ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून ४०-५० किलो काढून वितळवा, वजन करून घट नोंदवा, मग त्या रसाची बटण, म्हणजे छोटी चकती, पाडून तपासा. घट आणि रसायन दोन्ही एकाच वेळी कळतात.

सीमा_मालवाहतूक
पीएसआयसी आणि सीमेबद्दल.

पहिली अडचण जागेची. दाबलेलं किंवा सुटं, म्हणजे श्रेड (यंत्राने बारीक तुकडे) न केलेलं धातूचं भंगार कुठल्याही नाक्यावरून येत नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाने ठरवलेल्या प्रवेशस्थानांवरूनच येतं, कारण तिथे किरणोत्सर्ग तपासायची सोय लागते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडलं होतं, तेव्हा कळलं की भंगारातली एक वस्तू काय करू शकते. म्हणून सौदा करण्याआधी तुमचं प्रवेशस्थान त्या यादीत आज आहे का ते कस्टम एजंटकडून लेखी घ्या. यादी बदलत असते. 'आम्ही नेहमी इथूनच पाठवतो' हे व्यापाऱ्याचं वाक्य पुरावा नाही.

दुसरी, प्रमाणपत्र देणारी संस्था. महासंचालनालयाच्या परिशिष्ट २-जी मध्ये नाव असलेलीच चालते. तपासणी लदाईच्या वेळी व्हायला हवी. माल भरून निघाल्यानंतरच्या तारखेचं प्रमाणपत्र आलं की तिथेच प्रश्न सुरू. गाडी बदलताना सील बदलतं, तेव्हा नवा सील क्रमांक सगळ्या कागदांवर गेला आहे का पाहा. बहुतेक वेळा माल चुकीचा नसतो, कागद एकमेकांशी जुळत नाहीत. इन्व्हॉइसवर 'ॲल्युमिनियम भंगार', पीएसआयसीवर 'टेन्स', फॉर्म ६ वर आणखी तिसरंच वर्णन, आणि वजन तिन्हीकडे वेगळं. एकच शब्द, एकच आकडा ठेवा, ॲल्युमिनियम भंगाराच्या शीर्षक ७६०२ सकट.

तिसरी, तुमचं स्वतःचं संमतीपत्र. त्यात 'ॲल्युमिनियम इन्गॉट वितळवणे' एवढंच असेल आणि भंगाराचा उल्लेख नसेल, तर मंडळाच्या सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज आधी टाका. मंजूर क्षमतेपेक्षा आयात जास्त दिसली तरी अडतं.

आणि बंद भांडी! स्प्रेचे डबे, छोटे गॅस सिलिंडर, शॉक ॲब्सॉर्बर. ते भंगारात असतात आणि भट्टीत फुटतात. पीएसआयसीत स्फोटक नसल्याची हमी असते, पण ढीग पसरून हाताने पाहण्याला पर्याय नाही.

बेकायदा ठरलेला माल ९० दिवसांच्या आत स्वखर्चाने परत पाठवावा लागतो. दोन हजार किलोमीटरच्या आसपासचं भाडं दोनदा, वर डेमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचा आकार. त्यात तिकडच्या छोट्या गोळा करणाऱ्यांचेही पैसे अडकतात. नेपाळमधलं बरंचसं भंगार भारताच्याच आधाराने उचललं जातं, त्यामुळे इथली एक चूक तिकडे दहा घरांना लागते.

आयात_कागदपत्रं
एक भर. हिशोबात शून्य ड्युटी धरू नका. ॲल्युमिनियम भंगारावर मूळ सीमाशुल्क २.५ टक्के, त्यावर १८ टक्के आयजीएसटी. आयजीएसटीची वजावट मिळते, पण तोवर भांडवल अडकतं. भारत-नेपाळ व्यापार करारातली सवलत मिळवायला मूळ देशाचं प्रमाणपत्र आणि मूल्यवृद्धीच्या अटी आहेत, गोळा केलेल्या भंगाराला ती आपोआप लागत नाही.

कुपवाड_डायकास्टिंग
समजलं. पहिली खेप ५ टन टेन्स. आगाऊ १० टक्के, पीएसआयसीची प्रत आल्यावर ४० टक्के, बाकी इथल्या वजन आणि घट चाचणीनंतर. हे ठीक आहे का?

पलूस_फाउंड्री
ठीक आहे, फक्त घट चाचणी कोणाच्या भट्टीत आणि किती किलोची ते आधीच लिहा. आणि माल आला की भट्टीच्या उतारावर किंवा कोरड्या चुलाण्यावर आधी तापवा. पोकळ कास्टिंगमध्ये पाणी किंवा तेल साचलेलं असतं. ते थेट रसात गेलं की वाफ होऊन धातू उडतो, तोंडाची ढाल असली तरी. पावसाळ्यात आलेला माल शेडखाली दोन दिवस पसरून ठेवा, आणि पोकळ तुकडे हातोडीने फोडूनच चार्ज करा.