दशावताराचं शूटिंग उभं करायचं की आडवं? माझं मत आडवं, पण दुसरी बाजूही ऐकायचीय

मांडवातला_कॅमेरा (धागाकर्ता):
कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार, आमचं लोकनाट्य, आलाच. हल्ली नाटक सुरू झालं की पुढच्या रांगेत सगळे मोबाईल उभे. रील, शॉर्ट, स्टेटस, सगळं 9:16, म्हणजे रुंदी 9 तर उंची 16. आता तर काही दशावतारी कंपन्यांची, म्हणजे नाटक मंडळांची, मुलंच सांगतात की पूर्ण नाटक उभंच लाइव्ह कर, लोक तसंच बघतायत. मला हे मनापासून पटत नाही आणि का ते सविस्तर लिहितो.

दशावतारात मंचावर सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन. बाजूला पेटी, पखवाज, झांज. बाकी सगळं पात्रांच्या अंगात. संवाद लिहून दिलेले नसतात, कथा ठरलेली असते आणि बोलणं जागेवर सुचतं, म्हणजे राजा बोलत असताना समोरचा राक्षस काय तोंड करतोय, पखवाजवाला कुठल्या शब्दावर थाप टाकतोय, हे सगळं मिळून तो प्रवेश होतो. आणि दोघं उभे राहतात कुठे, तर मंचाच्या दोन टोकांना, लढाई पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. आडव्या 16:9 मधून उभं 9:16 कापलं तर रुंदीचा जेमतेम 32 टक्के तुकडा हातात राहतो. म्हणजे एकतर राजा नाहीतर राक्षस.

कोणी म्हणेल मागे सरक, सगळा मंच उभ्या फ्रेममध्ये बसव. बसवून बघा. मंच 20 फूट रुंद धरा. उभ्या फ्रेममध्ये 20 फूट रुंदी घेतली की उंची येते साधारण साडेपस्तीस फूट. साडेपाच फुटी माणूस त्यात कुठे? वर मांडवाचं कापड, खाली लोकांची डोकी. आणि मोबाईल उभा धरून बघणाऱ्याला तो माणूस आडव्या व्हिडिओत दिसतो तेवढाच दिसणार, कारण स्क्रीनची रुंदी तीच आहे. उभ्या फ्रेमचा फायदा फक्त एका माणसाच्या जवळ गेलं तरच मिळतो आणि रात्रभराचं नाटक एका माणसाचं नसतं.

म्हणून माझं म्हणणं, पूर्ण नाटक आडवंच घ्यावं. रील नंतर कापता येते, न घेतलेला अर्धा मंच नंतर कुठून आणणार?

लोकलचा_दांडा:
दादा गणित बरोबर आहे पण बघणारा माणूस त्यात कुठेच नाही. मी मुंबईत असतो, नाटक बघतो संध्याकाळच्या लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाईल. एका हाताने मोबाईल आडवा धरून बघा बरं गर्दीत, अंगठा पोचत नाही आणि पडायची भीती वेगळी. माझ्या मोबाईलची स्क्रीन 1080 बाय 2400. उभा धरला की आडवा व्हिडिओ त्यात 607 पिक्सेल उंचीचा दिसतो, म्हणजे स्क्रीनचा चौथा हिस्सा, बाकी काळं किंवा खाली जाहिराती आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ. 9:16 असला तर 80 टक्के स्क्रीन भरते, तिपटीपेक्षा जास्त जागा. चेहऱ्यावरचा रंग, डोळे, मुकुट सगळं दिसतं. गावाकडे आमची आई तर ऑटो रोटेट चालूच करत नाही, तिला विचारलं तर सरळ सांगते "आडवो मोबाईल धरून बघूक कोणाक वेळ आसा?" तिच्यासाठी नाटक करायचं की कॅमेरावाल्यासाठी?

मांडवातला_कॅमेरा:
आईंचा मुद्दा मानतो. पण मोबाईल आडवा केला की तोच 16:9 व्हिडिओ तुमच्या त्याच स्क्रीनवर 1920 बाय 1080 दिसतो, तोही 80 टक्केच. म्हणजे तेवढीच जागा, फक्त मनगट फिरवायचं. आणि गावाकडे आता बऱ्याच घरात टीव्हीला इंटरनेट आलंय, जेवून झाल्यावर पाचसहा जण एकत्र बसून टीव्हीवर नाटक लावतात. तिथे तुमचा उभा व्हिडिओ मधोमध एक पट्टी आणि दोन्हीकडे काळं. ज्या माणसांनी सगळ्यात जास्त मन लावून बघायचं त्यांनाच सगळ्यात लहान दिसणार.

रंगमंच_वेडी:
धागाकर्त्याशी सहमत. लांबीचा आणि आकाराचा संबंध आहे हे लोक विसरतात. इन्स्टाग्रामनेच 2018 मध्ये आयजीटीव्ही आणलं होतं आठवतंय का, लांब व्हिडिओ आणि तेही फक्त उभे. वर्षाच्या आत, 2019 च्या मे मध्ये, त्यांना आडवे व्हिडिओ घ्यावे लागले आणि 2021 मध्ये ते नावच गेलं. एवढी मोठी कंपनी, सगळे बघणारे मोबाईलवरच, तरी तासाभराचं काही उभं बघायची सवय त्यांना लावता आली नाही. मिनिटभराची गोष्ट वेगळी. उभ्या फ्रेममध्ये पुढे काय हे बघायला बोट आपोआप वर सरकतं. रात्रभराच्या नाटकाला त्या बोटाच्या भरवशावर कशाला सोडायचं.

लोकलचा_दांडा:
ताई रात्रभर कोण बघतंय पण? मी तरी तुकड्या तुकड्यात बघतो. संकासुर राक्षसाचा प्रवेश, मग झोप, मग दुसऱ्या दिवशी लढाई. नव्या मुलांना तर दशावतार म्हणजे काय हे पहिल्यांदा शॉर्टमधूनच कळतं. यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सप्टेंबर 2020 मध्ये आले, पुढे बराच काळ मर्यादा 60 सेकंदांची होती, ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटं झाली, आणि तिथे जायचं तर व्हिडिओ चौकोनी नाहीतर उभाच लागतो. तीन मिनिटांत एक अख्खं गाणं बसतं. एखादं स्त्रीपात्र साडी नेसून, नऊवारीचे काठ, हातातल्या बांगड्या, असं डोक्यापासून पायापर्यंत उभं आहे आणि गातंय, हा प्रवेश आडव्या फ्रेममध्ये घेतला तर दोन्हीकडे नुसता पडदा. माणूस उभा असतो, फ्रेम पण उभी असली तर बिघडलं काय?

मल्लखांब_सर:
यात मला थोडं बोलायचंय, मी मुलांना मल्लखांब शिकवतो आणि शाळेच्या कबड्डीचं पण शूटिंग करतो. मल्लखांब आडवा घेणाऱ्यांचं मला कळतच नाही, पुरलेला खांब, त्यावर पोरगं, सगळा खेळ वरखाली, आडव्या फ्रेममध्ये खांब मधे काडीसारखा आणि बाजूला शाळेची भिंत, पालकांच्या स्कूटर. तो उभाच घ्यायचा, टीव्हीवर काय दिसेल ते दिसेल. उलट कबड्डीचं मैदान पुरुषांचं 13 बाय 10 मीटर, रेडर एका कोपऱ्यात आणि हात धरलेल्या बचाववाल्यांची साखळी दुसऱ्या कोपऱ्यातून येते, ती उभ्या फ्रेममध्ये घेतली की पकड कोणी सुरू केली हेच दिसत नाही आणि मग पंचांच्या निर्णयावर पालक भांडतात. म्हणजे ॲपवरून नका ठरवू, हालचाल कुठल्या दिशेला आहे त्यावरून ठरवा. दशावतार मी दोनतीनदाच बघितलाय पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तो कबड्डीकडचा वाटतो, गाण्याचा प्रवेश मल्लखांबाकडचा.

रेंडर_चालू:
एडिटिंग हेच माझं काम आहे त्यामुळे जरा कामाचं सांगतो. कापता येतं म्हणणं बरोबर, पण कशातून कापता त्यावर आहे. फुल एचडी 1920 बाय 1080 मधून उभा तुकडा काढला तर तो 607 बाय 1080 राहतो, मग ॲप तो ताणून मोठा करतं आणि चेहरा लोण्यासारखा होतो. 4के मध्ये घेतलं असेल, 3840 बाय 2160, तर उभा तुकडा 1215 बाय 2160 निघतो, 1080 बाय 1920 ला पुरून उरतो. म्हणून आडवं घ्या पण 4के घ्या, नाहीतर वरचा सगळा वाद फुकट. त्यासाठी मेमरी लागते, रात्रभराचं नाटक म्हणजे मोबाईल भरणार आणि तापणार, एक्स्टर्नल ड्राइव्ह आणि चार्जिंगची सोय हवी, मांडवात ती असतेच असं नाही.

दुसरं म्हणजे कापताना पात्र हलतं तशी फ्रेम पण सरकवावी लागते, एका मिनिटाच्या लढाईला अर्धा पाऊण तास जातो. आपोआप कापणारी टूल्स आहेत, पण ती चेहरा शोधतात आणि दशावताराच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर, त्यातून संकासुराचा तो काळा बुरखा, गोंधळतात, मधेच पेटीवाल्या बुवांवर जाऊन बसतात. हाताने केलेलंच बरं.

तिसरं, कोणी 4:5 चं नावच घेतलं नाही. इन्स्टाच्या पोस्टला 1080 बाय 1350 चालतं, वर दांडा म्हणतोय त्या स्क्रीनचा 56 टक्के भाग भरतो आणि दोन पात्रं शेजारी शेजारी मावतात. दोघांचा संवाद असेल तर मी 4:5 करतो, एकट्याचं गाणं 9:16, लढाई आडवी. फक्त 2025 च्या जानेवारीपासून प्रोफाइलवरचे चौकोन 3:4 झालेत, त्यामुळे कव्हरवर नाटकाचं नाव लिहिताना कडेला चिकटवू नका, कापलं जातं.

सबटायटल_वाचते:
मला ऐकायला कमी येतं, मी सगळं खालच्या ओळी वाचून बघते, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कोणीच बोलत नाही. उभ्या व्हिडिओत खाली चॅनलचं नाव, मजकूर, गाण्याची पट्टी, उजवीकडे लाईक शेअरची बटणं, आणि लोक ओळी नेमक्या तिथेच टाकतात. अर्धं वाक्य झाकलं जातं. शिवाय देवनागरीला वर वेलांट्या मात्रा, खाली उकार, दोन ओळीत अंतर जास्त सोडावं लागतं, उभ्या फ्रेममध्ये एका ओळीत तीनचार शब्द मावतात आणि दशावतारी राजाचं एक वाक्य किती लांब असतं बघा, ते पाच ओळीत मोडलं की त्याच्या अंगरख्यावर सगळी अक्षरंच. आडव्या व्हिडिओत तेच वाक्य दोन ओळीत आरामात बसतं. उभं करायचंच असेल तर ओळी छातीच्या उंचीला टाका, तळाला नको. एवढं केलं तरी माझ्यासारख्यांना नाटक कळेल, संवाद जागेवर सुचलेला असतो म्हणता ना, मग तो आम्हाला पण मिळायला हवा.

मांडवातला_कॅमेरा:
ताई हे खरंच महत्त्वाचं आहे, ओळी टाकायचा विचार आमच्याकडे कोणी करतच नाही. संवाद लिहिलेला नसल्यामुळे तो ऐकून लिहून काढावा लागेल, पण तसा लिहिला गेला तर त्या रात्रीचं नाटक कागदावरही राहील. एका प्रवेशापासून सुरुवात करतो.

लोकलचा_दांडा:
सगळे आडव्याच्या बाजूने झुकताय म्हणून एवढंच सांगतो की 16:9 पण काही देवाने दिलेलं नाही. मूकपटांच्या काळी 4:3, मग 1932 मध्ये अमेरिकेत 1.37 ठरलं, टीव्ही घरोघरी आल्यावर लोकांना थेटरात ओढायला 1953 मध्ये सिनेमास्कोपचा लांबलचक पडदा आला, आणि 16:9 तर 1980 च्या दशकात जुना टीव्ही आणि तो रुंद पडदा यांच्या मधला सुवर्णमध्य म्हणून काढलेला आकार. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनने 1930 मध्येच हॉलिवुडात भाषण करून सांगितलं होतं की पडदा चौकोनी ठेवा म्हणजे उभ्या रचनांनाही जागा मिळेल, नुसतं आडवं आडवं काय करताय. म्हणजे प्रत्येक वेळी बघायचं साधन बदललं की आकार बदललाय. आज साधन खिशातला मोबाईल आहे. नवीन दशावतारी कलाकारांनी उभ्या फ्रेमसाठी प्रवेश बसवला, एक पात्र पुढे एक मागे, बाकड्यावर एक आणि खाली एक, तर काय वाईट? कोणी करून तर बघा.

मांडवातला_कॅमेरा:
करून बघायला माझी ना नाही, आणि ते रीलसाठी मुद्दाम बसवलेलं असेल तर मी स्वतः उभं शूट करून देईन. पण जत्रेतलं नाटक समोर बसलेल्या गावासाठी उभं राहतं, तिथे कलाकाराला मोबाईलसाठी जागा बदलायला लावणं मला चालणार नाही. पात्रं लांब उभी राहतात कारण मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतात. आणि बदलत्या आकाराचंच म्हणाल तर जुन्या व्हिडिओ कॅसेटवरची नाटकं 4:3 मध्ये आहेत, ती आता लोक रुंद टीव्हीवर ताणून लावतात आणि सगळे राजे जाडे आणि बुटके दिसतात, किंवा स्क्रीन भरायला वरखाली कापतात आणि मुकुटच उडतो. तरी ती नाटकं आज कळतात कारण त्यात अख्खा मंच आहे. उद्या मोबाईल कुठल्या आकाराचा येईल ते कोणाला माहीत, मंच मात्र तेवढाच रुंद असणार.

नवीन_पोरगा_वेंगुर्ला:
मी कंपनीसाठी शूट करतो पण आमच्याकडे एकच मोबाईल आहे आणि ड्राइव्ह वगैरे काही नाही. 4के पूर्ण रात्र शक्य नाही. मग काय करू? आणि मधेच फिरवला तर चालेल का?

रेंडर_चालू:
मधे फिरवू नको, बहुतेक मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग सुरू करताना जी दिशा असते तीच शेवटपर्यंत राहते, नंतर फिरवलास तर चित्र आडवं पडलेलं येईल. एकच मोबाईल असेल तर पूर्ण नाटक फुल एचडी आडवं, आणि ज्या दोन तीन प्रवेशांच्या रील करायच्यात ते आधी कलाकारांना विचारून ठेव, त्या वेळी रेकॉर्डिंग थांबवून 4के वर टाक आणि परत सुरू कर, प्रवेश संपला की पुन्हा फुल एचडी. स्टँड मंचाच्या मधोमध, पेटीवाल्यांच्या समोर नको. मोबाईल बसलेल्या लोकांच्या डोक्याच्या जरा वर. फ्रेममध्ये मुकुटाच्या वर हातभर जागा सोड, राजा बाकड्यावर चढतो तेव्हा ती लागते. आणि चॅनलवर टाकताना आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ असेल तर मधे जाहिराती लावता येतात, कंपनीला चार पैसे त्यातून मिळतील, म्हणून पूर्ण नाटक आडवं टाकच, आणि शॉर्टमध्ये त्या नाटकाची लिंक जोडायला विसरू नको.

लोकलचा_दांडा:
आणि शॉर्ट उभाच कर रे, 4:5 नको. लोकलमध्ये मीच बघणार आहे.