मेजर (मुख्य विषय) कोणता घ्यायचा? (एफवायबीएस्सी झालेल्यांसाठी)

कॉलेजरोडकर: "ज्यात जास्त मार्क तोच मेजर, मायनर (दुय्यम विषय) काय नावापुरता" असं कालच्या पोस्टमध्ये एकाने छातीठोक लिहिलंय, खाली अंगठ्यांचा पाऊस. पुणे विद्यापीठाच्या २०२४ पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षी तिन्ही विषय सारखेच, प्रत्येकी सत्राला ४ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप). दुसऱ्या वर्षी एक मेजर, एक मायनर, तिसरा सुटतो. म्हणजे खरा प्रश्न सोडायचं काय हा आहे. फिजिक्स मेजर घेऊन गणित सोडलंत, तर क्वांटम मेकॅनिक्स येईपर्यंत डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स घरी बसून शिका. एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेच्या फिजिक्स पेपरात मॅथेमॅटिकल मेथड्स हा स्वतंत्र भागच आहे.

अंबडलिंक: एवढा कीस कशाला? नाशकात बीएस्सीला काम म्हणजे सातपूर-अंबडच्या फार्मा कंपन्यांचं क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी. केमिस्ट्री मेजर घ्या, विषय संपला.

द्राक्षबाग: आलं क्यूसी! पाण्याचे नमुने, स्टरिलिटी (निर्जंतुकता) टेस्ट कोण करतं मग? मायक्रोबायोलॉजीवाले काय हवा खातात?

अंबडलिंक: जंतू वाढवायच्या प्लेटा लावायला माणसं लागतात किती? औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावरच्यांचं बोला.

लॅबवही: बोलतो. मुलाखतीत विचारतात, एचपीएलसीच्या कॉलमचा (घटक वेगळे करणाऱ्या नळीचा) दाब का चढला? बफर (क्षारांचं द्रावण) चालवल्यावर थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइल हे ऑर्गॅनिक द्रावक सोडलं की क्षार आतच बसतात. आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने धुवायचं, मग ऑर्गॅनिक वाढवायचं. नाहीतर मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलाच नसतो. नोंदवहीत चूक झाली तर एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर दिसला की खेळ खलास. आणि कॉलेजात पोरं मागच्या बॅचच्या जर्नलमधली रीडिंग उतरवतात! मेजर कुठलाही घ्या, ही खोड घेऊन गेलात तर टिकणार नाही.

खडूफळा: पोरांवर आणि मास्तरांवर घसरणं सोपं असतं, साहेब. प्रॅक्टिकलचे २ क्रेडिट म्हणजे सत्रात ६० तास. एक यंत्र, तेही दुरुस्तीला, भोवती अख्खी बॅच. रीडिंग काय आकाशातून आणायची?

लॅबवही: मग ब्युरेट तरी नीट वाचायला शिकवा. त्याला कुठे वीज लागते?

कालचा पोस्टवाला: भांडून झालं असेल तर ऐका. मार्क बघा म्हटलं ते उगाच नाही. मेजरच्या जागा लॅबच्या बॅचएवढ्याच असतात. अर्ज जास्त आले की बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. एकच पसंती लिहिणाऱ्याच्या पदरात उरलंसुरलं पडतं. शिवाय चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. नावडत्या पण 'स्कोप'वाल्या विषयात आणून दाखवा तेवढे.

कॉलेजरोडकर: हे कालच लिहायला हात दुखत होते का? बरं, मार्कांचा मुद्दा दिला तुम्हाला. गणिताचा नाही देणार.

खडूफळा: आणि सुटणाऱ्या विषयात बॅकलॉग असलेल्यांनी उड्या मारू नका. विषय सुटतो, क्रेडिट सुटत नाहीत. तो पेपर काढल्याशिवाय तीन वर्षांच्या पदवीचे १३२ क्रेडिट भरणार नाहीत.