मदत हवी आहे: प्लेटलेटवर सेरोटोनिन टाकलं की आलेख चढतो आणि लगेच उतरतो

मंडळी, नैराश्याच्या रुग्णांच्या प्लेटलेटवरचे ५-एचटी२ए रिसेप्टर (सेरोटोनिन जिथे चिकटतं त्या जागा) मोजायचे आहेत. सध्या निरोगी लोकांच्या रक्तावर हात बसवतेय. ३.२ टक्के सायट्रेटमध्ये (रक्त गोठू नये म्हणून) रक्त, २०० जी वर १० मिनिटं फिरवून पीआरपी (प्लेटलेट भरपूर असलेला प्लाझ्मा), मग ३७ अंशांवर अ‍ॅग्रिगोमीटर, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की आलेख चढवणारं यंत्र. १० मायक्रोमोलर सेरोटोनिन टाकलं की आलेख जेमतेम चढतो आणि दोन-तीन मिनिटांत परत खाली. त्याच क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या नळीत) दुसरा डोस टाकला तर ढिम्म! एडीपी हे प्लेटलेट चिकटवणारं दुसरं रसायन टाकलं, तर मात्र त्याच प्लेटलेट झकास चिकटतात. सर म्हणाले, बाटली खराब. नवी आणली, तरी तेच. काय चुकतंय?
– क्युवेटवाली

बाटलीला बोल लावू नका. एकटं सेरोटोनिन माणसाच्या प्लेटलेटसाठी दुबळंच. चिकटलेल्या प्लेटलेट पुन्हा सुटतात. त्याची खरी ताकद जोडीत दिसते. एडीपी इतका कमी करा की तो एकटा जेमतेम हलवेल, मग त्यासोबत सेरोटोनिन द्या. वाढलेला प्रतिसाद केटॅन्सेरिनने (५-एचटी२ए अडवणाऱ्या औषधाने) दबला, तर तो ५-एचटी२ए चा समजा. दुसऱ्या डोसला ढिम्म, कारण पहिल्यानेच रिसेप्टर बधिर झालाय. दरवेळी ताजं क्युवेट घ्या. रक्त काढताना प्लेटलेट दुखावल्या तर त्यांच्याच कणांतलं सेरोटोनिन बाहेर पडून हीच गत होते.

आणि हे झालं कामाचं मोजमाप, संख्येचं नव्हे. संख्येसाठी पेशीपटलावर या रिसेप्टरला चिकटणारं किरणोत्सारी एलएसडी बांधून बीमॅक्स (एकूण जागा किती) आणि केडी (पकड किती घट्ट) काढा. तिथे किरणोत्सारी केटॅन्सेरिन वापरू नका, प्लेटलेटमध्ये ते भलत्या जागीही चिकटतं. आम्ही त्यात बरेच महिने घालवले, असो.
– जुना प्लेटलेटवाला

बापरे, धन्यवाद! एक राहिलंच. परवाच्या नमुन्यात आलेखाची सुरुवातीची खालची टोचही नव्हती. जेवायला जाताना पीआरपी फ्रीजमध्ये ठेवलं होतं...
– क्युवेटवाली

अहो ताई! ती टोच म्हणजे चकतीची गोल होणारी प्लेटलेट. थंडीने ती आधीच गोल झाली. खोलीच्या तापमानाला, प्लास्टिकच्या नळीत ठेवा, चार तासांत संपवा. देणाऱ्याने १० दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलंय का, तेही विचारा. रुग्ण एसएसआरआय (नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या) घेत असतील तर त्यांचा गट वेगळाच ठेवा, त्या गोळ्यांनी प्लेटलेटमधलं सेरोटोनिन रितं होतं.
– जुना प्लेटलेटवाला

अ‍ॅस्पिरिनचं विचारलंच नव्हतं. उद्या ताजं रक्त, आणि जेवण नंतर.
– क्युवेटवाली