गावात एकट्या मायले डब्बा कसा लावू? (दारव्हा तालुका)

कापूसवाला:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात कंपनीत हाव, माय गावी एकटी. मागच्या पावसाळ्यात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकरवर घरातल्या घरात फिरते पण गॅसजवळ उभी रायली का पाय लटपटतात. पुण्याले आणलं तर आठ दिवसात गावाले नेऊन सोड म्हणते. गावात ॲपवर जेवण मागवाची सोय कुठली, शिवभोजन थाळी 10 रुपयात भेटते पण केंद्रावर जा लागते. फोनवर इचारलं का जेवली म्हणते अन् मागच्या वेळी घरी गेलो त चहा-टोस्टवर दिवस काढू रायली होती, तुरीच्या डाळीले सोंडे लागलेले. कोनाले काही मार्ग मायीत असन त सांगा.

आर्वीची_ताई:
भाऊ, डब्बेवाला नका शोधू, गल्लीतलं घर शोधा. आमच्या बचत गटातल्या दोघी असेच डब्बे देतात, स्वयंपाक वेगळा नाई, घरच्यातच दोन घास जास्त, म्हणून परवडते. पैसे महिन्याच्या सुरुवातीलेच द्या, थकले का बाईले मांगाची लाज वाटते अन् डब्बा बंद पडते.
अन् डब्बा ठेवून निघून जाणारं माणूस काही कामाचं नाई. एका आजीचा डब्बा रोज रिकामा येत होता, सारे खुश, मंग समजलं का पोळी चावतच नव्हती, कुत्र्याले टाकत होती. तेव्हापासून भाकर वरणात कुस्करूनच देतात अन् जेवण होईस्तोर जवळ बसतात. मुगाची खिचडी, ताकातल्या कण्या, घट्ट वरण, खात असन त उकडलेलं अंडं. उन्हाळ्यात सकाळचा वरण-भात संध्याकाळपर्यंत ठेवू नका, आंबते.

अकोटचा_मास्तर:
ताई बरोबर बोलल्या. रेशनकडे पण बघा दादा, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, 2023 पासून फुकट आहे, पण ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर अडकतं. जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या बोटांचे ठसे मशीन घेतच नाही, अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला दुकानात ताटकळत ठेवू नका, मेरा ई-केवायसी ॲपवर घरीच चेहरा दाखवून होतं, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. तरी रेशनमध्ये मुख्य गहू-तांदूळच, डाळ-दूध-भाजी घरूनच बघावी लागते. ज्यांना मुलंच नाहीत त्यांचं काय होत असेल? म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 मिळतात, पण उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार, एवढ्यात कोण बसतं हो, ही अट वाढायलाच पाहिजे. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे, कोणती योजना लागू होते ते विचारता येतं.

कापूसवाला:
लय धन्यवाद. शेजारच्या काकूले फोन केला, दोन टाईम देतो म्हणते पण पैसे घ्याले तयारच नाई, शेजारधर्म म्हणते. काय करू?

आर्वीची_ताई:
पैसे नको म्हणते त तिच्या घरी किराणा भरून द्या, तेल, डाळ, सिलेंडर. फुकटात कोनालेच जास्त दिवस राबवू नका. अन् सोयाबीन सोंगणी, कापूस वेचणी आली का काकू सकाळी सातलेच वावरात जाईन, तवा दुपारचा डब्बा कोण देईन ते आताच ठरवा, तिच्याच सुनेले नाईतर पलीकडच्या घरी इचारून ठेवा.