पिकल डिप घरी करताना क्रीम चीज हवंच का? माझं मत: चक्का पुरतो

शेपूवाली (धागाकर्ती)

या हिवाळ्यात तीन महिने लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला होते. फेब्रुवारीत सुपर बोलच्या (तिकडच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) रात्री तिच्या शेजारणीने वाडगाभर पांढरं काहीतरी आणलं. त्यात हिरवे ठिपके, सोबत जाड, खाचेदार बटाटा वेफर्स. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अगं, हा तर शेपू! शेपूच्या भाजीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून झोपून राहणारी माझी लेक तो वाडगा बोटाने निपटून खात होती.

तर ते पिकल डिप, वेफर बुडवून खायचं काकडीच्या लोणच्याचं तोंडीलावणं. शेजारणीने कृती तोंडीच सांगितली. क्रीम चीजची एक वडी (आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम), अर्धा कप सावर क्रीम (आंबवलेलं क्रीम), कपभर बारीक चिरलेल्या डिल पिकल, मूठभर ताजा शेपू, चिमूट-चिमूट कांद्याची आणि लसणाची पावडर, आणि बरणीतला खार दोन-तीन चमचे. घोटायचं, तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं. झालं. डिल पिकल म्हणजे शेपू, लसूण, मोहरी घालून मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या. तेलाचा थेंब नाही.

पुण्यात आल्यावर करायला घेतलं. दुकानात क्रीम चीजची डबी उचलली, किंमत वाचली, परत ठेवली. सावर क्रीम तर दिसलंच नाही. मग लिटरभर म्हशीच्या दुधाचं दही लावून मलमलीत बांधलं. तेही फ्रिजमध्येच टांगलं, ओट्यावर नाही, कारण बाहेर रात्रभरात चक्का आंबट ढाण होतो.

काकड्या घरीच मुरवल्या. लिटर पाण्याला 40 ग्रॅम मीठ, बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या, शेपूच्या दांड्यांसकट काड्या, आठ लसूण पाकळ्या, चमचाभर मोहरी. काकडीचं फुलाकडचं टोक कापायचं, नाहीतर ती लिबलिबीत होते. वर वाटी दाबून सगळं पाण्याखाली ठेवायचं. एप्रिलातल्या पुण्यात तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि आंबूस वास सुटला, की बरणी फ्रिजमध्ये.

चव? मला तर एडिसनपेक्षा बरी वाटली. माझं मत पक्कं: क्रीम चीजवर पैसे घालवू नयेत. बोला आता.

एडिसनचा_भाचा

मावशी, काकड्यांना दहापैकी दहा. चक्क्याला चार.

क्रीम चीज म्हणजे नुसतं घट्ट दही नव्हे. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे त्यात किमान 33 टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही. खाराचा आंबटपणा आणि खारटपणा त्या चरबीत गुंडाळला जातो, म्हणून डिप जिभेवर आधी मऊ लागतं आणि झणका मागून येतो. चक्का मुळातच आंबट. त्यात आंबट काकडी, वर आंबट खार. आंबटावर आंबट!

शिवाय दुसऱ्या दिवशी वाडगा उघडून बघा. कडेने पाणी सुटलेलं असणार.

अवांतर: क्रीम चीज 1870 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने काढलं. 'फिलाडेल्फिया' हे ब्रँडचं नाव 1880 मध्ये चिकटवलं, कारण त्या शहराच्या लोण्या-चीजला तेव्हा मान होता. गाव एक, नाव भलतंच. आपल्याकडे बेळगावी कुंदा निदान बेळगावात तरी होतो.

कोकणातला_खार

मला एक कळत नाही. थालीपिठाबरोबर दह्यात लोणच्याचा खार कालवून आपण पिढ्यान् पिढ्या खातोय. दहीभातात सांडगी मिरची कुस्करतोय. त्याला कुणी डिप म्हटलं नाही, सुपर बोल लागला नाही. आता तेच वेफर्सबरोबर आलं की कृती विचारायची, वर क्रीम चीज की चक्का यावर वाद!

आणि तेलाशिवायच्या लोणच्याचं एवढं कौतुक कशाला? आमच्याकडे खारातल्या कैऱ्या, खारातले आवळे, खारवलेले गरे पावसाळाभर पुरतात. गोव्यात कोवळ्या कैऱ्या, म्हणजे तोरं, मिठात चेपून ठेवतात. खारातली कैरी बारीक चिरा, घट्ट दह्यात घाला, वर हिरवी मिरची चुरडा. शेपू वगैरेची गरज नाही.

पुणेरी_शंका

दोन प्रश्न. एक: 'तो डिप' की 'ते डिप'? धागाकर्तीने 'ते' वापरलंय, लोणचं नपुंसकलिंगी म्हणून की काय?

दोन: काकडी, दही, मीठ, मिरची. माझ्या माहितीप्रमाणे याला कोशिंबीर म्हणतात.

शेपूवाली

@पुणेरी_शंका, कोशिंबिरीची काकडी ताजी असते, ही मुरलेली. कच्ची कैरी आणि लोणचं यात फरक आहे ना, तेवढाच यातही आहे. लिंगाचं तुम्ही ठरवा.

@कोकणातला_खार, दादा, दह्यात लोणच्याचा खार मीही खाते. पण तो पातळ असतो, पोळीने टिपून घ्यायचा. वेफर बुडवल्यावर वरच राहायला हवं, तुकडा मोडून आत पडता कामा नये. घट्टपणाचाच तर प्रश्न आहे. खारातल्या कैरीचं मात्र मनावर घेतलंय.

@भाचा, पाणी सुटलं. कबूल. पण ते तुझ्या क्रीम चीजमध्येही सुटेल. काकडी पिळून घेतली नाही तर मीठ कुणालाच सोडत नाही.

कडूमेथी

कैरीचं लोणचं म्हटल्यावर कुणीतरी आंब्याचं तेलातलं लोणचं घेऊन मिक्सर लावणार, म्हणून आधीच सांगते. मी लावला होता. गेल्या वर्षी भिशीला.

मुरलेलं लोणचं, दोन डाव चक्का, गर्रकन फिरवलं. रंग छान केशरी आला. चव अशी कडू की पहिल्या बाईने वेफर ताटलीच्या कडेला हळूच ठेवला. मेथी आणि मोहरी मिक्सरच्या पात्यात भरडली गेली की कडवटपणा उतरतो. तेल वेगळं होऊन वर तवंग आला. आणि कोयीचा एक टणक तुकडा राहिला होता, तो नेमका सासूबाईंच्या दाताखाली. (दात शाबूत आहे, संबंध पूर्ववत होताहेत.)

तेलातलं लोणचं घालायचंच असेल तर तेल निथळा, फोडीची साल-कोय काढा, नुसता गर सुरीने चिरा आणि हाताने कालवा. मसाला अर्धा चमचाच. तरीही ते वेगळं प्रकरण आहे. शेजारणीचं डिप नव्हे.

साधकबाधक

आयुर्वेदात दुधाबरोबर मीठ आणि आंबट हा विरुद्ध आहार सांगितलाय. सगळे आनंदाने खाताहेत, चालू द्या.

हिशोबी_गृहस्थ

@साधकबाधक, तो नियम दुधाला. दुधात लोणचं घातलं तर आंबटपणाने दूध फुटेल. दही आधीच आंबून गोठलेलं असतं, त्याला आणखी फुटायचं काय राहिलं? नाहीतर अख्खा महाराष्ट्र ताक-मिठावर आजारी पडला असता.

आता मुद्द्याचं. भाच्याचं स्निग्धांशाचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याने गणित केलं नाही. मी करतो. म्हशीचं दूध 6 टक्के धरलं तर लिटरमध्ये 60 ग्रॅम स्निग्धांश. त्याचा साधारण 400 ग्रॅम चक्का पडतो, म्हणजे चक्क्यात 15 टक्के. क्रीम चीजच्या निम्म्याहून कमी. म्हणून शेपूवालीताईंचं डिप आंबट लागलं असणार, त्या मान्य करोत न करोत.

बरेच जण म्हणतील फ्रेश क्रीम घाला. डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के. 100 ग्रॅम घातलं तरी एकूण मिश्रण 17 टक्क्यांवर जातं आणि वर पातळ होतं. म्हणजे व्यर्थ.

लोणी घाला. घरचं, पांढरं, ताजं. त्यात 80 टक्के धरा. 400 ग्रॅम चक्क्यात 100 ग्रॅम लोणी घोटलं तर 28 टक्के होतं. क्रीम चीजच्या अगदी शेजारी. थंड झाल्यावर लोणी आळतं, त्यामुळे डिपही आळतं आणि पाणी धरून ठेवतं. फक्त चक्का आणि लोणी दोन्ही फ्रिजबाहेर अर्धा तास ठेवून मगच घोटा, नाहीतर लोण्याच्या कण्या राहतात.

एडिसनचा_भाचा

हिशोबीकाका, गणित मान्य, पदार्थ अमान्य. लोण्याची चव तोंडात रेंगाळते. क्रीम चीज एकजीव असतं, तुमचं ते चक्का अधिक लोणी असं दोन तुकड्यांत लागणार.

आणि मीठ? चक्क्यात मीठ घालून ठेवलं की पाणी सुटणारच.

हिशोबी_गृहस्थ

मीठ घालायचंच कशाला? काकडी आणि खार पुरेसे खारट असतात. खार वाढताना चमच्याने घाला. एकदम ओतला तर नंतर चक्का शोधत फिराल.

बंगळूरवासी

मी मूळचा सांगलीचा, वीस वर्षं इकडे. ज्यांना काकड्या मुरवायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: अमेरिकेत त्या छोट्या काकड्यांच्या बरणीची मागची बाजू वाचा. बऱ्याच वेळा 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' लिहिलेलं सापडेल. ही घर्किनची काकडी आपल्या देशात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात लावली जाऊ लागली, नंतर तामिळनाडू आणि आंध्र-तेलंगणातही. तीन महिन्यांचं पीक, बहुतेक करारावर. कंपनी बी देते आणि आकार बघून भाव. एक दिवस तोडणी चुकली की काकडी मोठी होते आणि दर पडतो. 2020-21 च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये सव्वा लाख टनाच्या आसपास माल बाहेर गेला, आणि त्यानंतर भारत काकडी-घर्किनच्या निर्यातीत जगात पहिला असल्याचं सरकारनेच जाहीर केलं.

थोडक्यात, शेजारणीच्या वाडग्यातली काकडी इथल्या, कर्नाटकातल्या तुमकूरकडची असू शकते. आणि आपण इकडे तिची नक्कल करतोय.

इथे मिळणाऱ्या बरण्यांवर साखर आहे का ते आधी बघा. गोड घर्किनचं डिप मी एकदा केलं होतं. मुलांनी पोळीला लावून खाल्लं, गुळांब्यासारखं.

कोकणातला_खार

म्हणजे आपलीच काकडी, आपलाच शेपू, आपलंच लोणी. राहिलं काय? वेफर्स?

शेपूवाली

करून बघितलं. काल संध्याकाळी, हिशोबीरावांच्या मापाने, निम्म्या प्रमाणात. 200 ग्रॅम चक्का, 50 ग्रॅम लोणी, चार मुरलेल्या काकड्या चिरून पंचात पिळलेल्या, दोन चमचे ताजा शेपू, एक पाकळी लसूण किसून. खार फक्त दीड चमचा.

शेजारी दुसऱ्या वाटीत माझं जुनं, नुसत्या चक्क्याचं. घरात चौघे होतो. नातवाने लोण्याचं संपवलं. यजमान म्हणाले दोन्ही सारखंच, पण त्यांना कोशिंबीर आणि रायत्यातलाही फरक कळत नाही. मला स्वतःला… लोण्याचं जास्त आवडलं. लिहिताना जिवावर येतंय.

पण क्रीम चीज लागत नाही हे माझं मत कायम आहे. 'चक्का पुरतो' एवढं मागे घेते. तिसऱ्या वाटीत खारातल्या कैरीचं केलं, शेपू न घालता, हिरवी मिरची चुरडून. त्याचं काय झालं ते सांगत नाही, कोकणवाले चढून बसतील.

कोकणातला_खार

चढलो.

एडिसनचा_भाचा

मावशी, पुढच्या हिवाळ्यात या. दोन वाडगे ठेवू, वर चिठ्ठी नाही. लेकीला आणि शेजारणीला डोळे मिटून खायला लावू. लोणी मी इथल्या हेवी क्रीमचं काढतो, पण काकड्या तुम्ही मुरवायच्या. माझ्या दोन्ही वेळा मऊ पडल्या.

शेपूवाली

टोक कापलंस का फुलाकडचं?

एडिसनचा_भाचा

देठाकडचं कापलं.