पोरगा नोकरीलाच लागला नाही, मग ‘निवृत्तीवेतन’ कसलं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही, आता २७ वर्षांचा आहे. एका शब्दापायी आमच्या घरी पाच महिने पैसे अडकले म्हणून इथे विचारतेय.

झालं असं, एका अर्जात रकाना होता, ‘अर्जदारास अन्य योजनेतून निवृत्तीवेतन मिळते काय?’ आईने ‘नाही’ लिहिलं. आता तिचं काय चुकलं सांगा, अजनीचे मामा रेल्वेतून रिटायर झाले, त्यांना मिळतं ते निवृत्तीवेतन, आणि आपल्या पोराला मिळतात ते निराधारचे पैसे, हे तिच्या डोक्यात पक्कं. पण कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे ‘इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन’ दिसत होतं. माहिती लपवली म्हणून अर्ज बाजूला ठेवला. आई त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही, मी खोटं लिहिलं असं त्यांना वाटलं असेल का हेच दहादा विचारत होती.

तर निवृत्तीवेतन, अनुदान, सहाय्य, भत्ता, लाभ, हे सगळे शब्द एकाच पैशाला आहेत का वेगवेगळ्या? कोणी नीट सांगेल का.

प्रतिसाद १

ताई, आईंचं काहीच चुकलं नाही, घोळ भाषांतरात आहे. पेन्शन हा शब्द लॅटिनमधून आला, त्याचं मूळ ‘तोलणं, चुकतं करणं’ असं आहे, म्हणजे ठरल्या वेळी ठरलेली रक्कम देणं, बस. त्यात नोकरी नाही न् निवृत्तीही नाही. मराठीत आणताना आपण त्याचा एकच अर्थ उचलला आणि ‘निवृत्तीवेतन’ केलं, मग अपंगाचं, विधवेचं, म्हाताऱ्याचं, सगळ्यांचं तेच झालं. वेतन म्हणजे कामाचा मोबदला आणि निवृत्ती म्हणजे काम थांबवणं, २७ वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागू नाही.

खरं तर मराठीत काम न करता मिळणाऱ्या बांधील रकमेला शब्द होते की. वर्षासन होतं, वर्षाला बांधून दिलेली रक्कम. तनखा होता. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले तेव्हा त्याला कोणी निवृत्तीवेतन म्हणत नव्हतं. राजाला तनखा चालला मग आपल्या भावाला का नाही, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद २

मी सक्करदऱ्याकडे लोकांचे फॉर्म भरून देतो, रोजचंच काम आहे, म्हणून शब्दापेक्षा पैशाचं आधी सांगतो जी. केंद्राची जी इंदिरा गांधी योजना आहे तिच्यात ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागते, तिचे महिन्याचे ३०० रुपये. आणि राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना, ती १९८० पासूनची, तिच्यात ४० टक्क्यांपासून चालते, दिव्यांगासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत पाहिजे. आता ज्याला केंद्राचे ३०० मिळतात त्याची बाकी रक्कम राज्य संजय गांधीतून पूर्ण करते. म्हणजे तुमच्या भावाच्या खात्यात जे येते त्याचे आतून दोन तुकडे आहेत, एकाचं नाव निवृत्तीवेतन आणि दुसऱ्याचं अनुदान. घरच्या माणसाले हे कसं समजणार, त्याले एकच पैसा दिसते. आधी सगळे मिळून १५०० होते, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केले.

आता अनुदान. हा शब्द शाळेला चालते, खताला चालते, धंदा सुरू करायला मिळणाऱ्या बीजभांडवल कर्जातही चालते, आणि तिथंच लोक फसतात. बीजभांडवलात बँकेचा भाग कर्ज असतो, तो फेडावाच लागते, अनुदानाचा भाग तेवढा फेडायचा नसतो. माझ्याकडे एक जण आला होता, त्याले वाटलं पूर्णच अनुदान आहे, एक हप्ता भरला नव्हता त्यानं. मी तर आता प्रत्येकाले दोनच शब्दांत सांगतो, ‘फेडायचं’ आणि ‘न फेडायचं’.

रकान्यात काय लिहायचं ते विचाराल तर, महिन्याला सरकारकडून कोणत्याही नावानं पैसे येत असतील तर ‘होय’ लिहा आणि पासबुकावर जे नाव छापून येते तेच उतरवून द्या.

प्रतिसाद ३

यातला ‘निराधार’ मला सगळ्यात जास्त टोचतो. ज्याची आई जिवंत आहे, बहीण त्याच्यासाठी इतकं लिहितेय, तो निराधार कसा? बातमी निराधार असते, आरोप निराधार असतो. माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के आहे. मेडिकलला तपासणी झाली तेव्हापासून नातेवाईक ‘किती टक्के निघालं’ विचारतात, तेही मी ऐकून घेते, पण मला निराधार म्हणू नका.

आणि लाभार्थी! विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. ज्याला मंजूर झालं त्यालाही मागणाराच म्हणायचं? इथून पलीकडे मध्य प्रदेशात शिवनी, छिंदवाड्याला गेलात की सरकारी पाट्यांवर ‘हितग्राही’ दिसतं, हित घेणारा. तोही काही फार गोड नाही, पण निदान हात पसरलेला नाही. २०१६ च्या कायद्याचं नावच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे, त्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम असावी. जे कायद्यात लिहिलंय ते घेणाऱ्याला हक्कदार म्हणावं. २०१५ च्या डिसेंबरात अपंगचं दिव्यांग झालं, पुढे दोन-तीन वर्षांत सगळ्या पाट्या बदलल्या, म्हणजे सरकारला शब्द बदलता येतात.

प्रतिसाद ४

भत्ता राहिला. भत्ता म्हणजे मूळ रकमेवर एखाद्या खर्चापोटी मिळणारी वरची रक्कम, महागाई भत्ता, प्रवास भत्ता. म्हणून दिव्यांग कर्मचाऱ्याचा वाहतूक भत्ता हा शब्द बरोबर आहे, पण संजय गांधीचे पैसे भत्ता नाहीत, कारण खाली मूळ रक्कमच नाही. सहाय्य हा सगळ्यांना झाकणारा शब्द, या योजना चालवणाऱ्या सामाजिक न्याय खात्याच्या नावातच ‘विशेष सहाय्य’ आहे.

त्याच कलम २४ मध्ये, ज्याला जास्त आधार लागतो अशा व्यक्तीसाठी केअरगिव्हरच्या, म्हणजे रोज सांभाळणाऱ्याच्या, भत्त्याचाही उल्लेख आहे. त्याला मराठीत काय म्हणायचं? काळजीवाहू म्हटलं की मुख्यमंत्री आठवतो. एसटीच्या सवलतीत दिव्यांगाला ७५ टक्के सूट असते आणि जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबतच्यालाही ५० टक्के असते, त्याला ‘साथीदार’ म्हणतात, पण पेपरात साथीदार चोराचा असतो. मदतनीस म्हणावं तर ती अंगणवाडीतली.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे खूप आभार, विशेष करून सक्करदऱ्याच्या दादांचे. काल आईसोबत बसून फॉर्म नव्याने भरला. ‘होय’ लिहिलं आणि पासबुकावरचं नाव जसंच्या तसं उतरवलं.

केअरगिव्हरचं मी आईला विचारलं, की तू दादूचं सगळं करतेस, आंघोळ, जेवण, रात्री कूस बदलून देणं, याला काय म्हणशील. ती म्हणाली, ‘मी त्याले पायते.’ आमच्या गल्लीत सगळ्या असंच बोलतात, कोण म्हाताऱ्या सासूले पायते, कोण पोराले पायते. पाहणारी. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता, पालकाच्या जागी तिचं नाव टाकलं.